दोर दिसला म्हणून देव खोटा ठरत नाही

डिसेंबर २०२४ मध्ये क्रिस्टोफर नोलनच्या 'द ओडिसी'ची घोषणा झाली. पुढच्या फेब्रुवारीत तुरेदार शिरस्त्राण घातलेल्या मॅट डेमनचं पहिलं छायाचित्र आलं आणि वादाला तोंड फुटलं. असं शिरस्त्राण ट्रॉयच्या काळात होतं का? चिलखत ब्राँझ युगातलं की त्यानंतर कित्येक शतकांनी आलेलं? हा वाद घालायला हरकत काहीच नाही. पण त्याच्या ओघात एका जुन्या चित्रपटप्रकाराचा हकनाक बळी जातो आहे. ग्रीक पुराणकथांवरचे पन्नास-साठच्या दशकांतले कमी पैशांत काढलेले चित्रपट, म्हणजे पुठ्ठ्याचे खांब, रबरी राक्षस, तेल चोपडलेले पैलवान. एक बाजू म्हणते, ते हसण्यावारी नेण्याच्याच लायकीचे होते, आता कुठे या कथांना न्याय मिळेल. दुसरी बाजू म्हणते, असू देत, आमच्या लहानपणीचा तो ठेवा आहे. भांडणाऱ्या या दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत आहे: चित्रपटात स्वतःचं असं काही नव्हतं, जे काही आहे ते बघणाऱ्याच्या हसण्यात किंवा आठवणीत.

हे मला साफ अमान्य आहे. या चित्रपटांची ओढ त्यांच्या घडणीतच आहे. पुराणकथा सांगायला जी एक विशिष्ट तऱ्हा लागते, म्हणजे युक्ती उघड दिसते आणि तरी बघणारा विश्वास ठेवतो, ती तऱ्हा या मंडळींना अपुऱ्या पैशांमुळे का होईना, साधली होती. दोनशे पट पैसा ओतून ती हमखास साधत नाही.

आधी चित्रपट कुठले ते ठरवू, कारण निम्मा गोंधळ सगळं एकाच पोत्यात भरल्याने होतो. एक धारा इटलीची. पिएत्रो फ्रान्चिशीने १९५८ मध्ये स्टीव्ह रीव्हजला घेऊन हर्क्युलिस केला. रीव्हज १९४७चा मिस्टर अमेरिका आणि १९५०चा मिस्टर युनिव्हर्स. जोसेफ लेव्हीन या वितरकाने अमेरिकेचे हक्क सुमारे १ लाख २० हजार डॉलरला घेतले, जाहिरातीवर त्याच्या कितीतरी पट खर्च केला आणि १९५९ मध्ये चित्रपट तुफान चालवला. मग रोममध्ये अशा चित्रपटांचा कारखानाच सुरू झाला. फ्रेंच समीक्षकांनी त्यांना पेप्लम हे नाव दिलं. १९६४ मध्ये सर्जिओ लिओनेचा पहिला वेस्टर्न गाजला आणि वर्षभरात कारखान्याने तलवारी टाकून पिस्तुलं उचलली. दुसरी धारा बाहुल्यांना पडद्यावर जिवंत करणाऱ्या रे हॅरीहाउसेनची: १९६३चा 'जेसन अँड द अर्गोनॉट्स' आणि १९८१चा 'क्लॅश ऑफ द टायटन्स'. हे इटालियन चित्रपटांइतके फाटके नव्हते, पण त्याच १९६३ मध्ये आलेल्या 'क्लिओपात्रा'वर ज्या प्रकारचा पैसा उधळला गेला आणि त्यात एक अख्खा स्टुडिओ बुडता बुडता वाचला, त्यापुढे 'जेसन'चं अंदाजपत्रक चणेफुटाण्याचंच म्हणायचं.

विरोधकांचे मुद्दे हलके नाहीत, आणि ते मान्य न करता या चित्रपटांची बाजू घेणारे वकील त्यांचंच नुकसान करतात. पेप्लमांपैकी बरेचसे खरोखर वाईट आहेत. एका चित्रपटासाठी उभारलेला राजवाडा पुढच्या चारांत वापरायचा, एकाची लढाई कापून दुसऱ्यात चिकटवायची, कथेला भोक पडलं की नर्तिकांचा ताफा आणायचा. स्त्रिया दोनच प्रकारच्या: विस्मृतीचं पेय पाजणारी राणी आणि खांबाला बांधलेली वाग्दत्त वधू. त्याहून गंभीर आक्षेप राजकीय आहे. हा बलदंड नायक इटालियन पडद्यावर आला १९१४च्या 'कॅबिरिया'त, मासिस्ते या गुलामाच्या रूपात. जेनोवाच्या गोदीत काम करणाऱ्या बार्तोलोमेओ पागानोने तो रंगवला, तोही कातडीला काळा रंग फासून. पुढच्या चित्रपटांत मासिस्ते गोरा झाला आणि मुसोलिनीच्या राजवटीत उघड्या छातीचा बलवान पुरुष हा सत्तेचाच मुखवटा झाला. युद्धानंतर पंधरा वर्षांच्या आत तोच देह पुन्हा पडद्यावर पुजला जात असेल तर बघणाऱ्याने सावध व्हायला नको का?

व्हायलाच हवं. पण सावध होऊन पुढे चित्रपट पाहायलाही हवा. या नायकाची ठरलेली वाटचाल काय आहे? तो एका नगरात येतो, तिथल्या जुलमी सत्ताधीशाला खाली खेचतो, आणि सिंहासन रिकामं झालं की त्यावर न बसता निघून जातो. नेतृत्वपूजेच्या कथेचा शेवट असा होत नाही. त्यातही व्हित्तोरिओ कोत्ताफावीचा १९६१चा अटलांटिसवरचा हर्क्युलिस बघा. सुरुवातीलाच खानावळीत जोरदार मारामारी जुंपलेली आहे, बाकं उडताहेत, आणि जगातला सर्वांत बलवान माणूस जागचा न हलता जेवतो आहे. त्याला पराक्रम नको आहे, घर हवं आहे. आणि त्याचा शत्रू कोण? अटलांटिसची राणी अँटिनिआ. देव युरेनसच्या रक्तातून झालेल्या दगडाच्या बळावर ती एकाच साच्यातले, एकसारखे, सोनेरी केसांचे सैनिक घडवते आहे. १९६१ मध्ये रोमच्या प्रेक्षकाला याचा अर्थ फोडून सांगावा लागला नसेल. श्रेष्ठ वंशाची फौज आणि सगळं जाळून टाकणारा एक दगड, असं गेल्या दोन दशकांचं दुःस्वप्न मुलांच्या मॅटिनीत आणून बसवलं होतं. प्रकारावरचा आरोप त्या प्रकारातल्या एका चित्रपटाने स्वतःच ऐकून घेतला आणि उत्तर दिलं, असं उदाहरण विरळाच.

दुसरा आक्षेप मूळ कथेशी इमान न राखण्याचा. आरोप तपशिलात खरा आहे. फ्रान्चिशीचा हर्क्युलिस नावाला हर्क्युलिसचा आहे, त्याचा गाभा प्राचीन कवी ऱ्होड्सच्या अपोलोनिअसने लिहिलेल्या, सोनेरी लोकर आणायला जेसनबरोबर निघालेल्या अर्गोनॉटांच्या सफरीचा आहे. त्या काव्यात तर हर्क्युलिस आपल्या हायलास या सोबत्याला शोधत मायसियातच मागे राहतो. 'जेसन'मध्ये टॅलोस हा ब्राँझचा राक्षसी पुतळा क्रीटऐवजी भलत्याच बेटावर उभा आहे, सोनेरी लोकर राखणाऱ्या सर्पाच्या जागी सात डोक्यांची हायड्रा आली आहे. १९८१च्या चित्रपटातला क्रॅकन हा समुद्रराक्षस तर ग्रीकच नाही, तो उत्तरेच्या समुद्रातून उचलला आहे. पण प्रश्न असा की इमान राखायचं कोणत्या पाठाशी? ग्रीक कवी स्टेसिकोरसने गायलं की हेलन ट्रॉयला गेलीच नव्हती, आणि इ.स.पू. ४१२ मध्ये युरिपिडिसने त्यावर अख्खं नाटक उभं केलं. जेसनची बायको मीडिया, तिची मुलं कॉरिंथच्या लोकांनी मारली अशी कथा प्रचलित असताना त्याच युरिपिडिसने इ.स.पू. ४३१ मध्ये ती तिच्याच हातून मारवली, आणि आज आपण तेच मूळ समजतो. शिरस्त्राणावर भांडणाऱ्यांनी होमरच उघडावा. 'इलियड'च्या दहाव्या सर्गात रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण आहे, ते होमरच्या काळाच्या कितीतरी आधीचं. त्याच काव्यातले वीर मात्र चितेवर दहन होतात, ती चाल नंतरची. होमरनेच काळ मिसळले आहेत. एकनाथांचं 'भावार्थ रामायण' वाल्मीकींच्या शब्दाशी ताडून नापास करावं असं कोणा मराठी वाचकाच्या मनात येत नाही, मग इथेच ही फूटपट्टी का?

आता खरा मुद्दा, तो युक्त्यांचा. "खोटं दिसतं" हे वाक्य उच्चारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती गोष्ट कशी केली होती हे ठाऊक असतं. हॅरीहाउसेनची पद्धत अशी. आधी नटांसह प्रत्यक्ष दृश्य चित्रित करायचं. ती फिल्म एका छोट्या पडद्यावर मागच्या बाजूने एकेक चौकट प्रक्षेपित करायची. पडद्यापुढे टेबल, टेबलावर बाहुली. बाहुलीच्या आत पोलादी सांगाडा, सांध्यांना खोबणीत फिरणारे गोळे, वरून साच्यात घालून भट्टीत भाजलेलं फोम रबर. कॅमेरा आणि बाहुली यांच्यामध्ये काच, आणि दृश्यातल्या जमिनीची कड जिथे येते तिथून खाली ती काच काळी रंगवायची. बाहुली केसभर हलवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायची. हा फेरा संपला की फिल्म मागे गुंडाळायची, आता उलट करायचं: वरचा भाग झाकायचा आणि पहिल्यांदा काळा राहिलेला खालचा भाग त्याच फिल्मवर उतरवायचा. म्हणजे राक्षस मागच्या डोंगराच्या पुढे आणि पुढच्या दगडाच्या मागे, बरोबर मध्ये उभा राहतो. संगणक नाही, आणि पहिला फेरा बिघडला तर शेवटच्या चौकटीपर्यंतचं सगळं काम वाया.

बिघडायला जागाही पुष्कळ. मागून प्रक्षेपित केलेलं दृश्य पुन्हा टिपलं की कण जाड होतो आणि रंग सरकतो, म्हणून राक्षस येण्याच्या क्षणी पडद्यावरचं चित्र अचानक खरबरीत होतं. काळ्या रंगाची कड आणि झाकणाची कड तंतोतंत जुळली नाही तर जमिनीवर एक रेघ थरथरते. दिवसभराच्या कामात दिवा मंदावला तर उजेड लुकलुकतो. बोटाच्या दाबाने रबर किंवा केस दबले तर पडद्यावर वारा सुटल्यासारखी कातडी हलते. आणि प्रत्येक चौकटीत बाहुली स्थिर असल्याने खऱ्या हालचालीला कॅमेऱ्यात जो पुसटपणा येतो तो इथे येत नाही. हालचाल कडक, सुटी सुटी दिसते. टीकाकार ज्याला दोष म्हणतात तो नेमका हा.

या दोषाचं हॅरीहाउसेनने काय केलं ते टॅलोसच्या प्रसंगात दिसतं. हर्क्युलिस खजिन्याच्या दालनातून भाल्याएवढी सोन्याची टाचणी उचलून बाहेर येतो. वर चौथऱ्यावर ब्राँझचा पुतळा गुडघ्यावर बसलेला. काही होत नाही. मग धातू कुरकुरतो आणि पुतळ्याची मान वळते, फक्त मान. चेहरा तसाच कोरा, डोळ्यांत बुबुळं नाहीत. तो उतरतो तेव्हा प्रत्येक पाऊल गंजलेल्या बिजागरीसारखं उचललं जातं. हा ताठरपणा मुद्दाम ठेवलेला आहे, कारण हा प्राणी मांसाचा नाही, धातूचा आहे. चौकटीगणिक बाहुली हलवण्याच्या या तंत्राला, म्हणजे स्टॉप मोशनला, जे जमत नाही तेच त्याने व्यक्तिरेखेचा स्वभाव करून टाकलं. मग जेसन त्याच्या टाचेचं झाकण फिरवून उघडतो, आतून वाफाळता लाल द्रव धो धो वाहतो, आणि हा अजस्र पुतळा दोन्ही हात गळ्याकडे नेतो, श्वास कोंडलेल्या माणसासारखा. संगणकाने याहून गुळगुळीत टॅलोस करता येईल. पण मृत्यूच्या क्षणी त्याची कीव यावी, हे कुठल्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत बसवणार?

शेवटची सांगाड्यांची लढाई याच तराजूत घाला. सात सांगाडे, तीन माणसं. आधी स्टंटवाल्यांना सांगाड्यांच्या जागी उभं करून नटांकडून एकेक वार मोजून घोटून घेतला. मग स्टंटवाले बाजूला काढून नटांनी हवेशी लढायचं, तलवार मध्येच अशी थांबवायची की कुणीतरी ती अडवल्यासारखी वाटेल. त्यानंतर टेबलावरचं काम. प्रत्येक सांगाड्याचं डोकं, दोन हात, दोन पाय, म्हणजे एका चौकटीला पस्तीस हालचाली. सेकंदाला चौकटी चोवीस. काही दिवशी तेरा चौकटी झाल्या, म्हणजे दिवसाची कमाई जेमतेम अर्धा सेकंद. काही मिनिटांच्या या प्रसंगाला साडेचार महिने लागले, आणि बाहुल्या हलवणारा माणूस एकच. नाटकात एका नटाची शैली ओळखू येते तसा त्या सातही हाडांच्या सापळ्यांत एकाच माणसाचा हात जाणवतो. शेकडो जणांनी वाटून केलेल्या कामात कौशल्य असतं, पण हा हात हरवतो.

इटलीत एवढा वेळही नव्हता. तिथे मारिओ बावासारख्या छायाचित्रकाराने काचेवर निभावलं. कॅमेऱ्यापुढे काही फुटांवर काच उभी करायची, तिच्या वरच्या भागात राजवाडा रंगवायचा किंवा चित्र कापून चिकटवायचं, खाली काच मोकळी ठेवून त्यातून खरी माणसं दिसू द्यायची. कॅमेरा तसूभरही हलता कामा नये, नाहीतर रंगवलेला खांब खऱ्या पायापासून सुटतो. लेन्सचं छिद्र बारीक ठेवायचं, तरच जवळची काच आणि दूरची माणसं दोन्ही ठळक येतात. आणि सूर्य सरकला की चित्रातली सावली एकीकडे आणि माणसांची दुसरीकडे, म्हणून काम ठरलेल्या वेळातच उरकायचं. १९६१ मध्ये हर्क्युलिसला पाताळात पाठवणारा चित्रपट बावाने स्वतः दिग्दर्शित केला, रेग पार्क आणि क्रिस्टोफर ली यांना घेऊन. दालनं अपुरी, म्हणून मोजकेच खांब फिरवून फिरवून वापरले आणि प्रत्येक वेळी दिव्यांपुढे वेगळा रंगीत कागद लावला. हिरवा, जांभळा, लाल, निळा, एकाच चौकटीत. मृतांचं जग कसं दिसतं हे कुणी पाहिलेलं नाही, तेव्हा तिथे वास्तवाचा आग्रह धरण्यात अर्थ काय? रंग हाच तिथला भूगोल झाला.

"पण मागचं दिसतं ना!" हो, दिसतं. अथेन्समध्येही दिसत होतं. तिथल्या रंगभूमीवर देव यारीला टांगून आणत. दोर, आकडा, खांब, सगळं हजारो लोकांसमोर. इ.स.पू. ४२१ मध्ये अ‍ॅरिस्टोफेनिसच्या 'शांती' या नाटकात नायक शेणकिड्यावर बसून स्वर्गाला निघतो आणि मध्येच यारी ओढणाऱ्याला ओरडून सांगतो, नीट लक्ष दे. प्रेक्षक हसले असतील. त्याच प्रेक्षकांनी त्याच यारीवर शोकांतिकेतले देव उतरताना पाहिले आणि ते हादरले. दोन्ही एकाच माणसाला शक्य होतं. सगळी पात्रं मुखवटे लावलेले तीन नट मिळून करत, एकच माणूस आधी राणी, मग दूत. ग्रीक पुराणकथेची सर्वांत थोर रूपं आपल्याला मिळाली ती अशा उघड्या युक्तीच्या रंगभूमीवर. म्हणून दोर दिसण्याला जे अपयश समजतात त्यांनी आधी शोकांतिका लिहिणाऱ्या सोफोक्लिसचं काय करायचं ते सांगावं.

मुंबईला हे वेगळं शिकवावं लागलं नाही. फाळके १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये कन्या मंदाकिनीला कृष्ण करून नागाच्या फण्यावर नाचवत होते. बाबूभाई मिस्त्रींनी काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हवेत उडवल्या आणि त्यांचं नावच काळा धागा पडलं. १९६४ मध्ये दारासिंगला घेऊन इथेच 'हर्क्युलिस' आणि 'सॅमसन' निघाले, रोमच्या लाटेचं थेट पाणी. आपले ट्रिकसीन बघायला जाणारा प्रेक्षक दोरा शोधायलाही जात होता आणि हात जोडायलाही.

उरला आठवणींचा मुद्दा, की आवड ही निव्वळ बालपणाची ओढ आहे. लहानपणी पाहिलेलं गोड लागतं, खरं आहे. पण मग आज पंचविशीतली मुलं, ज्यांनी हे चित्रपट कधी मॅटिनीला पाहिलेच नाहीत, ती बावाचं पाताळ बघून का थक्क होतात? आणि उलट बाजूने, १९८१च्या 'क्लॅश'चा २०१० मध्ये शंभर कोटींहून कितीतरी अधिक पैसा घालून नवा अवतार आला, तो का विरला? त्यातली मेड्युसा, केसांच्या जागी साप असलेली राक्षसी, वेगवान आहे, सफाईदार आहे. जुनी मेड्युसा मशालींच्या लुकलुकत्या उजेडात हातांवर भार देत शेपूट ओढत सरकते, आधी फक्त तिच्या शेपटीचा खुळखुळा ऐकू येतो, आणि ती थांबते तेव्हा ती ऐकते आहे हे कळतं. थांबणं महत्त्वाचं. चौकटीमागे चौकट हाताने हलवणाऱ्याला प्रत्येक हालचाल महाग पडते, म्हणून तो फुकटची हालचाल ठेवत नाही. आठवणीने हा फरक पडत नाही, तो पडद्यावर मोजता येतो.

आणि ज्या प्रतींवर हसून हसून या चित्रपटांची बदनामी झाली त्या प्रती कुठल्या होत्या? रुंद पडद्यासाठी २.३५ ला १ या प्रमाणात टिपलेलं चित्र जुन्या टीव्हीच्या १.३३ ला १ चौकोनात बसवलं की सुमारे ४३ टक्के चित्र कापलं जातं. लढाईत नायक दिसतो आणि तो ज्याच्याशी लढतो आहे तो चौकटीबाहेर. ईस्टमनकलरच्या प्रतींत निळसर रंगद्रव्य आधी उडतं आणि सगळं गुलाबी पडतं, म्हणजे बावाचं हिरवं-जांभळं पाताळ टोमॅटोच्या सारासारखं एकरंगी दिसतं. आवाजही नंतर भरलेला: हे इटालियन चित्रपट चित्रीकरणाच्या वेळचा आवाज न घेता काढले जात आणि इंग्रजीत रीव्हजचा आवाजसुद्धा त्याचा स्वतःचा नाही. कोत्ताफावीचा अटलांटिस सुपर टेक्निरामा ७० या भव्य पद्धतीत टिपलेला, आणि त्याच्याच अमेरिकी आवृत्तीवर नव्वदच्या दशकात 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' या टीव्ही कार्यक्रमाने पूर्ण भागभर टवाळी केली. कार्यक्रम चतुर होता, पण त्यानंतर एका अख्ख्या पिढीचं मत त्या कापलेल्या, रंग उडालेल्या प्रतीवर ठरलं. मूळ चित्र फाडून उरलेल्या तुकड्याला कुरूप म्हणणं याला समीक्षा म्हणत नाहीत.

तेव्हा वाद घालणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. प्रत आधी तपासा. इटालियन चित्रपटांत चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या आहेत का, चेहरे ताणल्यासारखे दिसत नाहीत ना, पांढरा संगमरवर पांढराच आहे का गुलाबी, आणि मिळत असेल तर इटालियन ध्वनिपट आणि खाली उपशीर्षकं. सुरुवात बावाच्या पाताळाने करा, मग कोत्ताफावीचा अटलांटिस, मग 'जेसन'. फ्रान्चिशीचा पहिला हर्क्युलिस चौथा पाहिला तरी चालेल, तो इतिहासासाठी महत्त्वाचा आहे, मध्ये जरा रेंगाळतो. उरलेल्या डझनावारी मासिस्ते-गोलिअथपटांचा मी बचाव करणार नाही. पण टॅलोसची मान वळते तो प्रसंग नीट प्रतीत, आवाज मोठा करून बघा, आणि मग मला सांगा की ते खोटं होतं.